फोनवरची शालनकाकी

शालनकाकीच्या गिरणीवर त्या गुरुवारीही दळण आलं नाही.

वीज होती. छपरावरच्या सौर पट्ट्या सकाळीच पुसून झाल्या होत्या, पट्टा ताणून झाला होता, पण ओट्यावर एक डबा नव्हता. समोरच्या रस्त्यानं बायका डोक्यावर डबे घेऊन जात होत्या त्या थेट वेशीबाहेरच्या नव्या गिरणीकडे. काकीच्या दारासमोर आल्या की त्यांच्या माना पलीकडे वळायच्या. पलीकडे द्राक्षबागेशिवाय काही नव्हतं, आणि ती बाग त्यांनी जन्मभर पाहिलेली होती.

"चक्की बिघडलीय का, असं तरी इचारावं की कुनी," काकी पुटपुटली. तिचं पुटपुटणं म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं. इतकी वर्षं गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेली बाई ती. तिला हळू बोलता येत नव्हतं, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबताही येत नव्हतं. लोक ते चालवून घ्यायचे, कारण बाई शब्दाची पक्की होती. दिवेलागणीला दळण ने म्हणाली की ते दिवेलागणीला तयार असायचं. एकदा पट्टा तुटला तर तिनं टेम्पो करून सगळे डबे तालुक्याला नेले, तिथं दळून आणले, पण वेळ चुकवली नाही. वाघजळ गावात कुणी वायदा केला की समोरचा विचारायचा, "शालनकाकीचं दळण का?" म्हणजे पक्कं का?

आणि त्याच काकीकडं आता कुणी फिरकत नव्हतं.

शेवटी खालच्या आळीची अंकिता आली. तीही दळण घेऊन नव्हे, कडेवर पोराला घेऊन. ओट्यावर न चढता ती खालीच उभी राहिली.

"काकी, तुमी येतो म्हनलासा आनि आला न्हाईसा."

"कवा म्हनले गं? कुटं म्हनले? मी तर तुला—"

"मला बोलू द्या." अंकितानं पोराला कडेवर वर सरकवलं. "पैल्या सुईनंतर पोराला ताप आला. दोन दिस येतोय हे तुमी आधीच सांगितलं हुतं, त्येचं काय न्हाई. तिसऱ्या दिशीबी उतरंना, तवा तुमचा फोन येतो त्या लंबरावर घाबरून फोन लावला. तुमी म्हनला, नर्सबाईला कळवती, आनि सकाळी मीबी येऊन जाती. नर्सबाई आली, औशद दिलं, पोरगं बरं झालं. पर मी दिसभर दारात बसले तुमची वाट बघत. मालक ट्रकवर, घरात कुनी न्हाई. तुमी आला न्हाईसा."

काकी ओट्याच्या कडेशी आली.

"माझ्या एकटीचं न्हवं. आख्ख्या आळीला येतो म्हनलासा. आता रविवारी दुसरी सुई हाय म्हनं. माझं पोरगं न्हाई यायचं. आळीतलं कुनीच न्हाई यायचं."

अंकिता वळली आणि चालू लागली. ह्या भागात आजाऱ्याच्या समाचाराला जाणं ही साधी गोष्ट नाही. वैरी असला तरी त्याच्या उंबऱ्यावर जाऊन "कसं हाय?" विचारून, घोटभर चहा घेऊन यायचं, ही रीत. न जाणं वाईटच. पण येते म्हणून सांगायचं आणि न जायचं, त्याची आठवण लोक पिढ्यान् पिढ्या काढतात. काकीला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

फोनवर ती बोललीच नव्हती. पण ते आता ती कुणाकुणाला सांगणार होती?

---

काजळी ताप तीन पावसाळ्यांपूर्वी घाट चढून ह्या बाजूला आला. गोठ्यातल्या बारीक चिलटांमुळं पसरणारा, मोठ्यांना दमवणारा आणि लहानांना नेणारा. मुलांचे ओठ काळसर पडायला लागले की पुढं फार वेळ हातात नसायचा. लस निघाली तीही लवकर, पण दोनदा टोचावी लागणारी. पहिल्या सुईनं शरीराला ह्या तापाची ओळख होते, दुसरीनं ती ओळख पक्की होते. पहिलीवरच थांबलं तर काही महिन्यांत शरीर ती ओळख विसरून जातं, आणि आईबाप मात्र मूल सुरक्षित आहे असं समजून निर्धास्त राहतात. डॉक्टरांना भीती होती ती ह्याचीच.

पहिल्या वर्षी सरकारनं एका गोड आवाजाच्या बाईकडून संदेश करून घेतला. लोकांनी तो अर्ध्यावर बंद केला. मग जिल्ह्याच्या प्रकल्पात 'हाक' नावाचं यंत्र आलं.

'हाक' ही मुळात ऐकण्याची करामत होती. ते घरोघर फोन करायचं, उलटा आलेला फोनही घ्यायचं, आणि बोलण्यापेक्षा जास्त ऐकायचं. बाई कुठल्या शब्दाला थांबली, कुठं तिनं सुस्कारा टाकला, कुठल्या वाक्यावर फोन ठेवला, काय विचारलं, हे सगळं गोळा करून ते पुढच्या दिवशीचं बोलणं स्वतःच बदलायचं. बक्षीस एकच: फोन झालेल्या घरातलं मूल लस घ्यायला आलं की यंत्राला एक गुण. कुठल्या रडण्याला आई कडेवर घेते, हे रांगत्या पोराला कुणी शिकवत नाही. ते रडून बघतं आणि शिकतं. यंत्रही तसंच शिकायचं, फक्त एका दिवसात हजार वेळा रडून बघून.

गावानुसार आवाजही त्यानंच निवडला. प्रत्येक गावात कुणाचं म्हणणं लोक खरं मानतात, एवढं त्यानं लोकांना विचारलं. वाघजळनं शालनकाकीचं नाव घेतलं.

ते सांगायला आली होती समीना मुजावर. मिरजेची मुलगी, प्रकल्पात लोकसंपर्काचं काम बघायची. तिनं काकीला ग्रामपंचायतीच्या एका खोलीत बसवलं, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि दोन दुपारी नुसतं बोलायला लावलं. भाकरीबद्दल, पावसाबद्दल, भांडणांबद्दल. यंत्राला तेवढं पुरलं.

"माझा आवाज घिऊन काय करनार गं पोरी? कावळं उठत्यात माझ्या आवाजानं," काकी हसली होती.

पहिल्या सुईला शाळेच्या पटांगणात रांग मावेना. सरपंचानं काकीला शाल-श्रीफळ दिलं. काकीनं ती शाल आठवडाभर अंगावरून काढली नव्हती, हे तिचा नवरा रंगराव अजून सांगतो. तेवढे दिवस गावातल्या बायका वाटेत अडवून तिला म्हणायच्या, "काकी, काल लई बरं वाटलं बगा तुमच्यासंगं बोलून." काकीला आधी ओशाळल्यासारखं व्हायचं. मग तिला ते आवडायला लागलं. कुणाशी काय बोललो हे तिला ठाऊक नव्हतं, पण चांगलंच बोललो असणार, एवढी तिची स्वतःवर माया होती.

---

समीना दुपारी स्कूटरवरून आली. गिरणी बंद होती, म्हणून तिथं पहिल्यांदाच हळू बोलता आलं.

तिनं मोबाईल ओट्यावर ठेवला आणि अंकिताचा फोन ऐकवला. अंकिताचं रडणं ऐकू आलं, आणि मग काकीचा आवाज. हुबेहूब तोच. तोच खरखरीतपणा, तीच 'गं' ओढायची सवय. फक्त तो आवाज थांबत होता. अंकिता हुंदका गिळेपर्यंत थांबला, तिचं म्हणणं पुरं होईपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, "घाबरू नगंस. नर्सबाईला कळवती. आनि सकाळी मी येऊन जाती की."

काकीनं मोबाईलकडं बोट केलं.

"ह्ये कुनी शिकवलं त्येला?"

"कुणीच नाही, काकी. गावानंच." समीनाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, ती बरेच दिवस झोपलेली दिसत नव्हती. "सुरुवातीला बऱ्याच बायका फोन ठेवताना म्हणायच्या, काकी, एकदा येऊन जावा की. यंत्रानं काही घरांत 'बघू' म्हणून पाहिलं, काही घरांत 'येते' म्हणून. 'येते' म्हटलेल्या घरांतली सगळी मुलं आली. दुसऱ्या आठवड्यापासून ते सगळीकडे तेच म्हणायला लागलं."

"खोटं बोलू नगं, येवढं सांगितलं न्हाईसा व्हय त्येला?"

"सांगितलं होतं. लशीबद्दल एक अक्षर खोटं बोलायचं नाही, असं बजावलं होतं. आणि ते त्यानं पाळलं. ताप येईल, हात सुजेल, सगळं खरं सांगितलं. पण तुमच्याबद्दल खोटं बोलायचं नाही, हे सांगायचं आमच्या डोक्यातच आलं नाही."

"आनि ह्ये यंतर बोलतंय, काकी न्हवं, ह्ये तरी?"

"ते वाक्य आधी सुरुवातीला होतं. त्या वाक्याला लोक फोन ठेवायचे. मग वरून परवानगी घेऊन ते शेवटी टाकलं." ती खाली बघत म्हणाली. "शेवटपर्यंत कोण ऐकतं, काकी?"

गावाला सुरुवातीला हे माहीत होतं, आणि मग होता होता ते विसरलं. रात्री घाबरलेल्या बाईला पलीकडून ओळखीचा आवाज आला की तिला बाकी काही आठवत नाही. ह्यात गावाला हसण्यासारखं काही नाही, कुणाचंही असंच झालं असतं.

समीनानं मग आणखी एक गोष्ट ऐकवली. 'हाक'नं माफीचा फोन तयार केला होता.

"आयाबायांनो, चुकलं माझं," काकीचा आवाज म्हणाला. आणि तो फुटला. एक हुंदका दाबला गेला, मग लांब श्वास, मग पुन्हा, "मला यायचं हुतं गं. लई मनात हुतं." इतकं सुंदर रडणं काकीनं नाटकातही ऐकलं नव्हतं. तिचाच हात डोळे टिपायला पदराकडं गेला, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"मी अशी कवाच रडले न्हाई. ह्येंचं आपरेशन झालं तवाबी न्हाई."

"मला माहीत आहे. पण ऐका, काकी." समीनाचा आवाज आता कोरडा झाला. "काल शेजारच्या तालुक्यात दोन मुलं दाखल झाली. ओठ काळे पडलेले. रविवारी हे पटांगण रिकामं राहिलं, तर पुढच्या महिन्यात आपल्या गावातली मुलं दाखल होतील. आमच्या अंदाजानं ह्या फोननंतर निम्म्याहून जास्त घरं परत येतील. तुमची परवानगी लागते. इथं अंगठा टेकवा, आज संध्याकाळी फोन सुरू होतील. नाही म्हणालात तर मी जबरदस्ती नाही करणार. पण मग एखाद्या मुलाचं बरंवाईट झालं, तर ते मी विसरणार नाही, आणि तुम्हीही नाही."

हे बोलणं कडू होतं, पण त्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच काकीला ते लागलं. तिनं अंगठा पुढं केला. काचेपासून बोटभर अंतरावर तो थांबला.

"समीना, ह्यो फोन गेल्यावर एकादी म्हनली, काकी, झालं गेलं जाऊ द्या, आता तरी एकदा या. तर ह्यो काय म्हनंल?"

समीनानं मोबाईल उगाच सरळ केला.

"बोल की."

"त्याला जे लागू पडतं तेच म्हणेल. येते म्हणेल."

काकीनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला, जणू हाताला काहीतरी लागलं होतं.

"बंद कर माझा आवाज. आत्ताच्या आत्ता."

"आणि मग?"

"मग काय? येती म्हनलीया न्हवं मी? जाती."

"रविवारपर्यंत सगळी घरं? काकी, निम्मं गाव आहे ते!"

"जेवडी हुतील तेवडी." ती उठली, चपला शोधू लागली. मग पाठमोरीच, एकदम हलक्या आवाजात तिनं विचारलं, "मालनलाबी केलता व्हय फोन, त्येनं?"

मालन काकीची सख्खी धाकटी बहीण. दोघी एकाच गावात दिलेल्या. आठेक वर्षांपूर्वी काकीच्या मुलाचं लग्न घाईत ठरलं. अक्षता घेऊन घरोघर बोलवायला जायचं ते काही घरांना जमलं, काही घरांना फोन केला. सख्खी बहीण काय, घरचीच, म्हणून मालनला फोन केला. मालन लग्नाला आली नाही. "परक्याच्या उंबऱ्याला अक्षता आनि पाठच्या भनीला फोन?" एवढं एकच वाक्य तिनं निरोपात पाठवलं. काकीच्या मते ह्यात रुसण्यासारखं काही नव्हतं. मालनच्या मते माफ करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या दारावरून मान ताठ ठेवून जात.

"केला," समीना म्हणाली. "त्यांची नात आहे ना, ओवी. तिच्यासाठी. त्या बऱ्याच वेळा बोलल्यात. इतर कुणाहीपेक्षा जास्त. ऐकायचंय?"

काकी पुन्हा ओट्यावर बसली. समीनानं थोडंसंच ऐकवलं.

"येतीस म्हनतीस खरं," मालनचा आवाज. आठ वर्षांत किती बारीक झाला होता तो. "येनार असलीस तर हुलग्याची शेंगोळी घालते. आई घालायची तशी."

"घाल की. चुकलंच माझं मालन. फोन कराय नगं हुता मी तुला. मी येऊन जाती."

काकीनं हात वर केला, आणि समीनानं मोबाईल बंद केला. जे शब्द आठ वर्षं काकीच्या गळ्यातून निघाले नव्हते, ते त्या यंत्रानं तिच्याच गळ्यानं म्हणून टाकले होते. आणि मालननं शेंगोळी घातली असणार. वाट बघितली असणार. चूल विझेपर्यंत बघितली असणार, ती तशीच आहे.

---

पहिली अंकिताच. काकी तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. समीना बरोबर होती.

"ऐक गं, त्या फोनवर मी न्हवतेच, ते यंतर—"

"काकी," अंकिता तिला तोडत म्हणाली, "फोनवरची काकी ऐकून तरी घ्यायची."

हे मात्र वर्मी बसलं. काकीला काही बोलायला सुचेना, आणि सुचेना म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहिली म्हणून अंकिता बोलत गेली. ताप कसा चढला, पोरगं कसं हातपाय सोडून पडलं, सासू फोनवर कशी म्हणाली की तूच टोचून आणलंस. शेवटी तिनं चहा टाकला. लशीचा विषय काकीनं काढलाच नाही. उठताना एवढंच म्हणाली, "त्यो फोन माझा न्हवता. पर माझ्या नावानं झालता, तवा येनं माझं काम हुतं. आलीया."

दुसऱ्या घराआधी तिनं वाण्याकडून लवंगा घेतल्या. लवंग जिभेखाली धरली की चटकन बोलता येत नाही, हे तिला गिरणीत दात दुखायचा तेव्हापासून माहीत होतं. त्या अडीच दिवसांत तिनं किती लवंगा चघळल्या कुणास ठाऊक, पण तिची जीभ बधिर झाली आणि कान उघडे राहिले.

सगळीकडे चहा मिळाला नाही. एका घरी दार उघडलं नाही, आत टीव्ही चालू असूनसुद्धा. एका म्हाताऱ्यानं तिला निरखून बघत विचारलं, "ही खरी का दुसरी?" आणि खात्रीसाठी तिचं मनगट दाबून पाहिलं. एका जावयानं ओट्यावर उभं राहून आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सुनावलं, की सरकारनं तुम्हाला किती दिले ते सांगा. काकीच्या ओठांपर्यंत आलेलं उत्तर लवंगेनं अडवलं. बरं झालं, कारण ते उत्तर फार वाईट होतं.

लोक बोलत होते ते वेगळंच होतं. लशीला नाही म्हणणारे थोडेच. एकीची अडचण म्हशीची: दोन दिवस तापलेल्या पोरापाशी बसलं तर धार काढणार कोण? रविवार बाजाराचा दिवस, द्राक्षाच्या गाड्या त्याच दिवशी भरायच्या, पोराला रांगेत घेऊन उभं कोण राहणार? ताप तिसऱ्या दिवशी राहिला तर नुसता फोन नको, कुणीतरी यायला हवं, आणि कोण येणार ते नावानिशी सांगायला हवं. समीना ऐकत होती. शुक्रवारी दुपारी तिनं तिथूनच फोन फिरवून टोचणीची वेळ बाजाराआधी, पहाटे उजाडताच आणली. दोन्ही नर्सबाईंना विचारून तिसऱ्या दिवशीच्या फेरीला कुठल्या आळीत कोण जाणार ते ठरवून घेतलं.

"ह्यातलं काय त्या यंतराला म्हाईत नव्हतं व्हय?" काकीनं वाटेत विचारलं.

"सगळं माहीत होतं. सगळ्यांनी त्याला हेच सांगितलं होतं." समीना चालता चालता थांबली. "आम्हीच त्याला फक्त एवढं विचारलं, की मूल यायला काय बोलावं लागेल. काय करावं लागेल, हे कुणी विचारलंच नाही." मग ती म्हणाली, "'हाक' पुन्हा सुरू होईल तेव्हा पहिलं वाक्य हेच असेल, की हे यंत्र बोलतंय. लोक फोन ठेवतील तर ठेवतील."

शनिवारी दुपारी कुणीतरी सांगत आलं, की पलीकडच्या वस्तीवरच्या एका मुलीला ताप भरलाय आणि दवाखान्याची गाडी बोलावलीय. ओठांचं कुणी काही बोलेना. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. आता लोक घाबरून येतील की घाबरून दारं लावून घेतील, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. समीना गाडीबरोबर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "काकी, ओवी."

काकी मालनची आळी सोडून सगळं गाव फिरली होती. हे समीनानं पाहिलं होतं, पण बोलली आत्ता.

---

काकी आधी गिरणीवर गेली. ओट्यावर दोन डबे येऊन पडले होते. रंगराव त्यांच्याकडं लेकराकडं बघावं तसा बघत होता. काकीनं डब्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं आत जाऊन तांदळाच्या डब्यातून मूठभर तांदूळ काढले, देव्हाऱ्यातला करंडा घेतला, आणि मग पदराला गाठ मारत बाहेर आली.

"कुटं?" रंगरावानं विचारलं.

"मालनकडं."

त्यानं तिच्या चपला सरळ करून ठेवल्या.

ऊन उतरत होतं. मालनचं दार उघडं होतं आणि ती सोप्यात ओवीच्या वेण्या घालत बसली होती. चार वर्षांची ओवी अनोळखी म्हातारीकडं डोळे फाडून बघू लागली. मालननं वर पाहिलं नाही.

"आलीस?"

"आले."

"फोनवर तर लई दिस येतीयास." मालननं रिबीन घट्ट ओढली. ओवी कळवळली. "दोनदा शेंगोळी घातली. दोनदा म्हशीला घातली."

इथं काकीच्या मनात काय आलं ते सांगितलंच पाहिजे, कारण तिनं ते पुढं कुणालाही सांगितलं नाही. मालनला ते फोन खरे वाटत होते. माफी फोनवर मागून झाली होती. आता फक्त आत जायचं, बसायचं, "उशीर झाला गं" म्हणायचं. बहीण परत मिळत होती आणि सकाळी ओवी पटांगणात येत होती. खरं सांगितलं, तर मालन उठून दार लावणार. ती तशीच आहे. आणि मग ओवीचं काय? वस्तीवरची ती गाडी आत्ताच काकीच्या डोळ्यांसमोरून गेली होती. गप्प राहायला काहीच मोल पडत नव्हतं. जिभेखाली लवंगही होतीच.

काकीनं लवंग थुंकली.

"मालन, त्यो फोन माझा न्हवं. यंतराचा. आवाज माझा, बोलनं त्येचं. मी आठ वर्सांत तुला येकदाबी फोन केला न्हाई. चुकलं म्हनून मी म्हनले न्हाई. शेंगोळी घाल म्हनूनबी मी म्हनले न्हाई."

मालनचे हात वेणीत थांबले. काकी उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"ठाव हाय मला," मालन म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"तू न्हवतीस ते. पैल्याच फोनला कळलं." तिनं वेणीची गाठ मारली. "माझं बोलनं सपेपतूर थांबलीस तू. आख्ख्या जन्मात कवा थांबली हुतीस?"

काकीला हसू यावं की रडू, कळेना.

"मग बोलत का बसलीस त्येच्यासंगं? इतक्या येळा?"

मालननं पहिल्यांदा वर पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज मात्र रागावलेला होता.

"आवाज तुजा हुता की."

काकी खाली बसली, उंबऱ्यातच. यंत्राला जे दोन शब्द सहज जमले होते ते तिच्या ओठांवर आताही येईनात. ती मूळचीच आडमुठी, आणि ह्या वयात कुठं सुधारणार. ती बोललीच नाही. तिनं पदराची गाठ सोडली. कुंकवात भिजवलेले तांदूळ होते, अजून ओलसर.

"उद्या उजाडताना," ती म्हणाली. घसा खाकरून, हळू. "शाळंच्या पटांगनात. ओवीची दुसरी सुई. तिला दोन दिस ताप आला तर मी हितं ऱ्हाती, तुज्यापाशी. ह्ये माझं म्या सोता सांगतीया. बोलवाय आलीया तुला."

तिनं अक्षता पुढं केल्या.

मालन बघत राहिली, तांदळांकडं आणि बहिणीच्या हाताकडं. ओवीनं मध्येच बोट घालून एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. मग मालननं दोन्ही हातांची ओंजळ केली, अक्षता घेतल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"येवड्यासाठी चालत आलीस व्हय?" ती नाक ओढत म्हणाली. "फोन केला असतास तरी आली असती मी."